घासलेला क्रूस

हे खरं आहे. पटवून द्यायची ताकद आता माझ्यात नाही, म्हणून एकदाच सांगते.

ईस्टरच्या आदल्या शनिवारची दुपार. यॉर्कशरमधलं आमचं थॉर्नबेक गाव.

चर्चच्या आवारात हजार वर्षांचा दगडी क्रूस आहे. त्याच्या खांबावर एक माणूस कोरलाय. पावसानं झिजून त्याचा चेहरा सपाट झाला होता.

माझा नवरा क्लेमेंट चर्चची देखभाल बघायचा. दुसऱ्या दिवशी बिशप येणार होते. यानं तारेचा ब्रश आणि ब्लीचची बादली घेतली, आणि क्रूसावर शेवाळासारखं वाढलेलं सगळं दगडफूल खरवडून काढलं.

पाद्रीबाईंनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, "क्लेमेंट, क्रूस आहे तो. तुमची न्हाणी नव्हे."

पण दगडातला चेहरा...

उठून आला होता. भुवया. ओठ.

सोमवारी न्याहारीला आवाज आला.

खर्र... खर्र...

तारेच्या ब्रशचा. आमच्या स्वयंपाकघरात.

क्लेमेंट टोस्टला लोणी लावत होता. त्याचा हात थांबला.

आवाज थांबला नाही.

मग गावाला तो दिसेनासा होऊ लागला. तो खुर्चीत बसलेला असताना न्हाव्यानं विचारलं, पुढचं कोण? पबमध्ये त्याच्या जागेवर लोक कोट टाकू लागले. क्लेमेंट हसला. म्हणाला, बरंय, चर्चचं गवत कापणं तरी टळेल.

मी त्याचा चेहरा वहीत लिहून ठेवू लागले.

एप्रिल : नाक लांब, जरा डावीकडे वाकलेलं. हनुवटीवर खळी.

जून : नाक लांब.

ऑगस्ट : नाक

खळी आता दगडात आहे. मी जाऊन बोट लावून पाहिलं. माझं बोट तिच्यात नेमकं बसलं... चाळीस वर्षं बसायचं तसं.

काल चहाला तो समोर होता. कप उचलला जात होता, म्हणजे असणारच.

खर्र... खर्र...

"मॉड," तो म्हणाला, "माझे डोळे कुठल्या रंगाचे गं?"

मी समोर पाहिलं. पाहतच राहिले.

वहीत ते कधी लिहिलंच नव्हतं. रोज बघतो ते कोण लिहितं? आणि दगडाला विचारावं, तर दगडाचे डोळे दगडाच्याच रंगाचे.

"निळे," मी म्हणाले. लगेच.

कप बशीत टेकला.

"बरं झालं. तुला तरी आठवतंय."

तेव्हापासून मी सारखी बोलत राहते. हवामान, बटाटे, शेजारणीचं कुत्रं, काहीही. घसा बसलाय.

त्यानं पुढचं काही विचारू नये, म्हणून.