पाहून दिलेले उत्तर

शालिकरामला आमचे घर सोडावयास मीच सांगितले. त्याची चूक नव्हती, आणि त्याच्यामागोमाग घरातून आणखी कोण जाईल, हेही मला पुरते ठाऊक होते. जरा जवळ सरकून बसा. हे मी आवाज चढवून सांगू शकत नाही.

एकोणीसशे बासष्टचा उन्हाळा होता. अमरावतीस येण्यापूर्वी आम्ही अकोल्यात, शिवणीच्या विमानतळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर राहत होतो. मी मुलींच्या शाळेत मराठी शिकवीत असे. त्या उन्हाळ्याच्या वर्षभर आधी माझा धाकटा भाऊ देवमन आणि त्याचा दर्यापूरकडचा मित्र शालिकराम, दोघेही नागपुरात विमान चालविण्याचे शिक्षण घेऊन एका लहान खासगी कंपनीत सहवैमानिक म्हणून लागले होते. शालिकराम आमच्याकडेच राही.

सुटीच्या दुपारी दोघे मागच्या खोलीत दोन वेताच्या खुर्च्या शेजारी मांडून सराव करीत. विमान निघण्यापूर्वी डावीकडच्या कॅप्टनने एकेक गोष्ट विचारायची आणि उजवीकडच्या सहवैमानिकाने ती डोळ्यांनी पाहून, हाताने चाचपून मगच उत्तर द्यायचे, असा त्या पेशाचा नेम होता. मूळ प्रश्न इंग्रजीत असत. माझ्या भयाने देवमनने घरापुरते ते मराठीत आणले होते. ‘इंधन?’ ‘पुरेसे.’ ‘कुलुपे?’ ‘काढली.’ विमान उभे असताना शेपटीच्या झडपा वाऱ्याने हलू नयेत म्हणून बाहेरून लाकडी अडसर बसवतात. त्यांना ते कुलुपे म्हणत.

आई, म्हणजे माणिकबाई, दारात तांदूळ निवडताना म्हणे, “खुर्चीवर बसून इमान उडवून राहिले पोट्टे. कंपनीचं पेट्रोल तं वाचलं.”

“तू मांगं बस, माय,” देवमन म्हणे. “तुले तिकीट माफ.”

देवमनची उत्तरे फार चपळ होती. प्रश्न संपण्याच्या आतच येत. शालिकराम त्याला टोकी. त्यावर, खुर्चीत पाहायला आहे तरी काय, असे म्हणून तो हसे.

एकसष्टच्या दिवाळीनंतर, दूरच्या एका धावपट्टीवरून निघताना, देवमन सहवैमानिक असलेल्या विमानाच्या शेपटीचा अडसर तसाच राहिला. विमान उठले आणि कोसळले. देवमन गेला. वाचलेल्या कॅप्टनने चौकशीत सांगितले, की ‘कुलुपे?’ असे विचारताच ‘काढली’ असे उत्तर आले होते. देवमनने मान वळवूनसुद्धा पाहिले नव्हते.

शालिकराम आमच्याकडेच राहिला. उन्हाळा लागता कंपनीने त्याला कॅप्टनच्या खुर्चीसाठी निवडले, आणि तो मागच्या खोलीत एकटाच सराव करू लागला.

आमची शाळा सकाळची झाली होती. एका दुपारी मी घरी आले तेव्हा रस्त्यावर चिटपाखरू नव्हते. खिडक्या लावलेल्या, वाळ्याची ताटी भिजवलेली. उन्हातून आत आल्यावर घर काळोखे वाटत होते. मागच्या खोलीतून शालिकरामचा आवाज आला.

“इंधन?”

बराच वेळ शांतता. मग कोणीतरी म्हणाले, “पुरेसे.”

तो स्वतःच उत्तर देत असावा, असे मी मनाशी म्हटले.

“कुलुपे?”

या वेळी शांतता त्याहून लांबली. मग घराबाहेर, भिंतीलगत, मुरुमावर पावले वाजू लागली. ती सावकाश मागच्या बाजूस गेली... थांबली... लाकडावरून हात फिरल्यासारखे काही ऐकू आले. पावले परतली. वाळ्याचा ओला गंध कोठेतरी विरला आणि तापलेल्या तेलाचा वास नाकात भरला.

“काढली,” असे तो आवाज म्हणाला. जरासा धापत.

मी दार लोटले. डावीकडे शालिकराम समोर पाहत बसला होता. उजवी खुर्ची रिकामी होती. पण तिच्या वेताची वीण खाली दबलेली होती, आणि माझ्या देखत ती हळूहळू वर आली.

“म्या बलावलं नाई, ताई,” तो पुटपुटला. “पयल्या दिवसापासून... तो येते.”

आईला ते माझ्याआधीच ठाऊक होते. आपण भूतखेत मानत नाही, याची मी तिला आठवण करून दिली. ती म्हणाली, “छप्पन साली नागपुरात भूतखेत सोडूनच आलो न आपन. हे भूत नाई, जमुना. आपला देवमन हाय.”

त्यानंतर मी शाळेतून घाईघाईने घरी येऊ लागले. आम्ही दोघी दाराबाहेर बसून ऐकत असू. ती उत्तरे उशिरा येत, आणि तोच विलंब मला प्रिय झाला. जिवंतपणी जे त्याने केले नाही, ते तो आता मन लावून करीत होता. शालिकराम कामावर असला की आई आत जाऊन तेच प्रश्न विचारी. मीही विचारून पाहिले. आम्हाला उत्तर मिळत नसे. तो केवळ आपल्या पेशाच्या माणसाला उत्तर देई.

मे महिन्यात शालिकराम नागपूरहून परतला तो जेवलाच नाही. वरिष्ठांच्या देखरेखीखाली तो त्या दिवशी प्रथमच डाव्या खुर्चीत बसला होता. मागे उतारू होते. त्याने प्रश्न विचारला, शेजारच्या नव्या पोराने नीट पाहून उत्तर दिले, पुन्हा दिले. शालिकरामला ते ऐकूच आले नाही. तो देवमनच्या उत्तराची वाट पाहत राहिला होता.

मेलेल्याच्या शब्दाची वाट पाहणाऱ्याने जिवंतांच्या पुढे बसू नये, हे मला शिकवावयास कोणी नको होते. तरी माझ्या तोंडून ते निघण्यास दुसरा दिवस उजाडावा लागला.

मागच्या खोलीत भरदुपारी ठरले ते असे: शालिकरामने घडलेले सर्व वरिष्ठांना सांगावे आणि ते म्हणतील तोवर उजव्याच खुर्चीत बसावे, संध्याकाळच्या गाडीने नागपुरास जाऊन तेथेच राहावे, आणि एकट्याने सराव कधीही करू नये. शालिकरामने मान खाली घालून ते मान्य केले. आई कितीतरी वेळ त्या खुर्चीकडे पाहत होती.

“जाय बाबू,” ती शेवटी म्हणाली. “तिकडचं पोट्टं बी कोनाचं तरी हाय.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “त्याले बी इचार.”

मला तो उत्तर देणार नव्हता. शालिकरामनेच विचारले.

“देवमन... जाऊ मी?”

बाहेर मुरुमावर पावले निघाली. भिंतीच्या कडेने ती एकदा घराभोवती फिरली, मग पुन्हा फिरली. आईने माझे मनगट धरले.

“हो,” असे उजव्या खुर्चीतून उत्तर आले, जिवंतपणी येई तसे, पाहणे संपण्याच्या आतच.

बाहेरची पावले तरीही चालतच होती.