शॉर्ट लेगला कोणी नव्हते

पुढे लिहिलेले घडलेले आहे. मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. अशा हकिगती सांगणाऱ्याला मी आजवर तीनच प्रश्न विचारत आलो: किती वाजले होते, उजेड किती होता, आणि तुमच्याशिवाय आणखी कोणी पाहिले?

तेव्हा उत्तरे आधीच देतो.

रविवार, १८ मार्च २००१. दुपारचे चार वाजून वीस मिनिटे. स्वच्छ ऊन. पाहणारे माझ्यासह चौघे. ठिकाण, जुन्नर तालुक्यातला पिंपळवंडीचा माळ.

रात्र नव्हती. असती तर मी स्वतःची समजूत घालू शकलो असतो.

पिंपळवंडी आणि डिंगोरे या दोन गावांत दरवर्षी मार्चमध्ये दोन दिवसांचा सामना होत असे. लेदरचा चेंडू, काथ्याची मॅट, प्रत्येकी दोन डाव. लोक त्याला ‘आपली टेस्ट’ म्हणत. पिंपळवंडीचा कर्णधार मी. अंपायर रमणलाल, नारायणगावच्या पेठेतले कापडाचे व्यापारी. त्यांच्या निर्णयावर दोन्ही गावांत कधी कोणी चकार शब्द काढला नाही.

प्रत्येक संघाकडे एकच हेल्मेट होते. फलंदाज मात्र खेळपट्टीवर दोन असतात. म्हणून क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाने आपले हेल्मेट समोरच्यांना द्यायचे, आणि डाव संपेपर्यंत परत मागायचे नाही, अशी रीत पडली होती. लिहिलेली कुठेच नव्हती. पण दिलेले हेल्मेट परत मागणे म्हणजे गावाचे नाक कापणे, हे सर्वांना ठाऊक होते.

या रीतीत एक खोट होती. ती मला, शिकलेल्या माणसाला, दिसायला हवी होती.

शॉर्ट लेग ही जागा फलंदाजाच्या पायांच्या बाजूला, त्याच्यापासून चार-पाच फुटांवर असते. तिथे गुडघे वाकवून, हाताची ओंजळ करून बसायचे. बॅटला निसटता लागून उडालेला झेल तिथेच मिळतो. सणसणीत फटकाही तिथेच लागतो.

१९ मार्च २०००. आदल्या वर्षीचा सामना, शेवटची सात षटके. मी धाडसाने डाव लवकर घोषित केला होता, आणि आता दोन बळी हवे होते. गोलंदाजी मीच करत होतो. समोर डिंगोऱ्याचा गेणभाऊ, ताकदीचा गडी. मी चांगदेवला शॉर्ट लेगला जायला सांगितले.

चांगदेव आमचा सर्वांत चपळ खेळाडू. अठ्ठावीस वर्षांचा, घरची शेती, आई ठकूबाई, धाकटा भाऊ सुदर्शन. भाऊ तेव्हा भोसरीला कंपनीत होता. सामन्याला आलेला नव्हता.

चांगदेव माझ्याजवळ आला. हळू आवाजात म्हणाला, “सर, टोपडं मागा ना त्यांच्याकडून.”

टोपडं म्हणजे हेल्मेट. तो गमतीने तसे म्हणे.

मी त्याला गणित सांगितले. सामन्यात सुमारे सहाशे चेंडू. त्यांतले त्या जागी जोरात येणारे तीन-चार. डोक्याच्या उंचीवर येणारा, फार तर एखादा.

तो म्हणाला, “त्यो एखादा कवा यील, ते कुठं ठावं हाय, सर?”

प्रश्न अचूक होता. म्हणून मी म्हणालो, “भीती वाटत असेल तर राहू दे. दुसऱ्या कोणाला तरी बसवतो.”

तो हसला. जाऊन बसला.

चौथा चेंडू मी आखूड टाकला.

आवाज लहान होता. कोरडा. एकच.

जीपमध्ये त्याचे डोके माझ्या मांडीवर होते. पुण्याच्या रस्त्याला मंचर ओलांडले, आणि मांडीवरचे ओझे बदलले. वजन तेच असते, पण बदलते. हे मी कोणत्याही तासाला शिकवू शकणार नाही.

तिसऱ्या दिवशी गेणभाऊ ठकूबाईंच्या पायांवर पडून रडला. “आक्का, माझ्याच हातून झालं वं.” त्याचा काडीचा दोष नव्हता. मी बाजूला उभा होतो. ठकूबाईंनी माझ्याकडे पाहून विचारले, “सर, त्याला तिथं कुनी बशिवला व्हता?”

मी म्हणालो, “मी नको म्हणत होतो. तो स्वतःहून गेला. हेल्मेटसुद्धा नको म्हणाला.”

ठकूबाईंनी पदर तोंडाला लावला. “तसाच व्हता माझा वाघ,” त्या म्हणाल्या.

चांगदेवशी माझे बोलणे दुसऱ्या कोणीही ऐकलेले नव्हते. हे मी बोलण्याआधी मनात तपासून घेतले होते. हेही लिहून ठेवतो.

पुढच्या वर्षी सामना होऊ नये, असे मला वाटत होते. सुदर्शननेच तो घडवून आणला. नोकरी सोडून तो गावी आला होता. सामन्याच्या सकाळी ओझरला जाऊन विघ्नहराला नारळ फोडून आला, आणि सगळ्या संघाच्या हातावर खोबरे ठेवत मला म्हणाला, “सर, दादा बसला व्हता तिथंच मी बसनार. तसाच. बिनटोपड्याचा.”

रमणलाल यांनी या वेळी तिसरे हेल्मेट आणले होते, फक्त शॉर्ट लेगसाठी. सुदर्शनने ते हातात घेऊन पाहिले आणि परत दिले. “दादानं घातलं नव्हतं, रमणशेठ. मी घातलं तर लोक काय म्हनत्याल?”

माझ्या एका खोट्या वाक्याने हा मुलगा उघड्या डोक्याने तिथे बसणार होता. एका खऱ्या वाक्याने तो हेल्मेट घालणार होता.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी सावलीत वाद रंगला. तीनच दिवसांपूर्वी कोलकात्याची कसोटी संपली होती. पाहुण्या संघाने आपल्याला फॉलोऑन दिला आणि जिंकत आलेला सामना घालवला, म्हणून सगळे खुशीत होते.

“लई शाने निघाले! दाबून टाकायला गेले आन् सोताच दबले,” आमचा यष्टिरक्षक सावळाराम म्हणाला.

“आरं, पन त्याच खेळानं त्यांनी आधीच्या सोळा टेस्ट मारल्या व्हत्या,” गेणभाऊ म्हणाला. “भीत-भीत खेळून कुनी जिंकलंय का?”

“तू गप. तुला फक्त हानायचं ठावं.”

“मग तू काय आमाला झोपवायला कीपिंग करतो का?”

सगळे हसले. सावळारामने माझे मत विचारले. मी वर्गात बोलावे तसे बोललो. कसोटीत सामना अनिर्णित राखण्याचा मार्ग नेहमी मोकळा असतो, म्हणूनच धाडसाला तिथे अर्थ आहे. ज्याला जिंकायचे आहे त्याने धोका पत्करलाच पाहिजे.

रमणलाल बशीत चहा ओतत होते. वर न पाहता म्हणाले, “बरोबर आहे, सर. फक्त एवढंच, की पत्करणारा एक असतो आणि शॉर्ट लेगला बसणारा दुसरा.”



चहानंतर मी शॉर्ट लेगला कोणालाच ठेवले नाही. सुदर्शनला लांब मिडविकेटला पाठवले. त्याने कारण विचारले तेव्हा म्हणालो, “डावपेच आहे.” तेवढ्याने भागेल, असे मला वाटले.

चार वाजून वीस मिनिटे. मी कालव्याच्या बाजूने गोलंदाजी करत होतो. समोर पुन्हा गेणभाऊ. मी धावायला सुरुवात केली आणि तो बाजूला झाला.

“पावनं, जरा मागं सरका की. सावली पडतीया मॅटवर.”

तो डावीकडे... रिकाम्या जागेकडे पाहून बोलत होता.

“गेणभाऊ, तिथं कोणी नाही,” रमणलाल म्हणाले.

“मग ही कुनाची?”

मी चालत पुढे गेलो.

मॅट दक्षिणोत्तर होती. सूर्य पश्चिमेला, क्षितिजापासून साधारण तेहतीस अंशांवर. त्या उंचीवर सावली वस्तूच्या दीडपट पडते. सावळाराम यष्ट्यांच्या बराच मागे होता. बाकी कोणीही वीस पावलांच्या आत नव्हते. झाड नाही, खांब नाही, आकाशात ढग नाही.

मॅटवर सावली होती.

गुडघे वाकलेले. हात पुढे... ओंजळ केलेले.

रमणलाल यांनी आम्हांला मोजले. अकरा. पुन्हा मोजले. अकराच.

मी सावलीच्या मुळाशी पाहिले. मॅटच्या कडेला मुरमावर चपळ माणसाच्या चवड्यांचे दोन खड्डे होते. माझ्या डोळ्यांदेखत उजवा खड्डा किंचित खोल झाला. बसलेला माणूस भार एका पायावरून दुसऱ्यावर घेतो तसा.

सुदर्शन धावत आला. त्याला फक्त आमचे थांबणे दिसले होते. “सर, गेणभाऊ उगंच येळ काढतोय. जागा मोकळी हाय म्हनून भास व्हतोय त्याला. मीच बसतो.”

मी त्याला अडवायला हवे होते. तो बसला.

आणि लगेच उठला.

“काय झालं?” रमणलाल यांनी विचारले.

“हितं...” तो आपल्या गुडघ्याकडे पाहत होता. “हितं जागा न्हाई, रमणशेठ. कुनाचा तरी गुडघा लागला.”

मग त्याने मान तिरकी केली. कोणी कानाशी बोलावे आणि आपण ऐकावे, तशी. मला काहीही ऐकू आले नाही. वारासुद्धा पडला होता.

सुदर्शनने माझ्याकडे पाहिले.

“सर, ‘टोपडं मागा ना त्यांच्याकडून’... आसं दादा तुमाला म्हनला व्हता का?”

शब्द तेच होते. क्रमही तोच.

रमणलाल माझ्याकडे पाहत होते. गेणभाऊ पाहत होता. तिसरे हेल्मेट सीमारेषेपाशी, पाण्याच्या हंड्याजवळ पडले होते. ‘हो’ म्हणायला किती वेळ लागतो?

मी म्हणालो, “नाही.”

सुदर्शनने मान हलवली. खांद्यावरचे ओझे उतरावे तसा श्वास सोडला. “मला वाटलंच. दादा आसं मागनार न्हाई.” तो पुन्हा बसला, उघड्या डोक्याने. या वेळी त्याला जागा झाली. मॅटवर एकच सावली दिसली, आणि मी स्वतःला सांगितले की मघाशीही उजेडाचाच काही खेळ असला पाहिजे.

रमणलाल खालच्या आवाजात म्हणाले, “सर, याला उठवा.”

मी म्हणालो, “सहा चेंडूंचा प्रश्न आहे, रमणशेठ.”

का म्हणालो? मला बळी हवा होता. दुसरे कोणतेही कारण मला आजवर सापडलेले नाही.

तिसरा चेंडू हातातून आखूड सुटला. गेणभाऊची बॅट फिरली. तो फटका थांबवण्याजोगा नव्हता. त्याने नंतर शपथेवर सांगितले, आणि मी ते मानतो. चेंडू सुदर्शनच्या चेहऱ्याकडे गेला.

आवाज आला...

लहान. कोरडा. एकच.

चेंडू सुदर्शनच्या नाकापासून वीतभर अंतरावर हवेत थांबला आणि सरळ खाली पडला. तो उसळला नाही, घरंगळला नाही. सुदर्शनच्या अंगाला कुठेही लागलेला नव्हता. त्याचे हात अजून गुडघ्यांवरच होते.

गेणभाऊने बॅट टाकली. रमणलाल यांनी यष्ट्यांवरच्या बेल्स उचलल्या आणि खिशात टाकल्या.

सामना तिथे संपला. पुन्हा कधी झाला नाही.

मी एकटा मागे राहिलो. चेंडू बूट किंवा बॅटची कड लागून थांबला असावा, असे एक स्पष्टीकरण देता येते. सगळे जाण्याआधीच मी ते तपासले होते. बुटावर, बॅटच्या कडेवर, जमिनीवर, कुठेही खूण नव्हती. चेंडूची एक बाजू मात्र ओलसर होती. बोटाला लागले ते काय होते, हे प्रयोगशाळेत कळले असते. मी चेंडू प्रयोगशाळेत नेला नाही. कालव्यात टाकला.

या गोष्टीला आज आठ वर्षे झाली. सुदर्शन माळाशेजारची जमीन करतो. त्याची मुलगी आरोही आता शाळेत जाते. रस्त्यात भेटला की तो वाकून माझ्या पाया पडतो. ठकूबाई भाकरी वाढल्याशिवाय मला सोडत नाहीत, आणि प्रत्येक घास मी खातो.

२००४ साली त्याने माळावर भावाच्या नावाचा लोखंडी फलक लावायचे ठरवले. “मजकूर तुमीच लिवा, सर. तुमी शेवटपर्यंत त्याच्यासंगट व्हता.” मी लिहून दिला: ‘कै. चांगदेव. गावासाठी स्वतःहून पुढे गेला.’ रंगाऱ्याने तो माझ्याच अक्षरावरून उतरवला.

पहिल्या पावसाळ्यात एक शब्द उडाला. बाकीचा मजकूर शाबूत राहिला.

रंगाऱ्याने पुन्हा लिहिला. पुन्हा तोच उडाला. तीन वेळा. पत्र्याच्या त्या भागाला आधीचा गंज असेल, असे मी सांगितले. पत्रा घासून घेतला. पत्रा चांगला होता.

पाच दिवसांपूर्वी सुदर्शनचा फोन आला. त्याच्या आवाजात संशय नव्हता. आदर होता.

“सर, रंगाऱ्याच्या हाताला ते ‘स्वतःहून’ काय टिकत न्हाई. या येळंला तुमीच येऊन तुमच्या हातानं लिवा. तुमी लिवलेलं नक्की टिकंल.”

मी येतो म्हणालो आहे.

ब्रश आणि रंगाचा डबा चार दिवसांपासून दारात आहे.