पिस्त्यांच्या टेकडीवर वरात

चोर पकडायचा तर हातात काठी हवी, आणि सबोहतच्या हातात ती होती. पण हा चोर काही नेत नव्हता, उलट आणून ठेवत होता... इथंच तिची पंचाईत झाली.

एप्रिलमधली सकाळ होती. टेकडीवरच्या पिस्त्यांना अजून पान फुटलं नव्हतं, फांद्यांवर नुसते बारीक लालसर कळे. त्यातल्या एका झाडावर एक उंच तरुण चढून बसला होता आणि कुठल्यातरी परक्या झाडाची डहाळी दोरीनं फांदीला बांधत होता.

"उतर खाली!"

"उतरतो. आधी गाठ मारू दे."

"माझ्या झाडावर कसली गाठ मारतोस? करणी करतोस का?"

"छे! लग्न लावतोय."

सबोहतला एरवी उत्तराला शब्द शोधावे लागत नसत. आज लागले. ते सापडेपर्यंत तो खाली उतरला, हात झटकले आणि तिच्या काठीकडे बघत अदबीनं दोन पावलं मागं सरला.

"मी इस्कंदर. पलीकडच्या टेकडीवरच्या ओयनिसो होलाचा तिसरा मुलगा. रशियात होतो बांधकामावर, हिवाळ्यात परतलो. तू हमीदा होलाची मुलगी, सबोहत ना? मी गेलो तेव्हा तुझं नाक सतत वाहत असायचं."

"आता वाहत नाही," ती म्हणाली, आणि लगेच वाटलं, हे काय बोललो आपण!

"दिसतंय," तो म्हणाला. इतकं गंभीरपणे म्हणाला की तिला हसूही येईना आणि रागही धरता येईना.

"हे काय चाललंय ते सांग. नाहीतर आईला हाक मारते."

"तुझ्या टेकडीवर सगळ्या बायकाच आहेत."

"आणि तू आलास वाटतं बघायला?"

इस्कंदरचे कान लाल झाले. "झाडांबद्दल बोलतोय मी! सगळ्या माद्या. एकही नर नाही. दोन वर्षं तुमचे पिस्ते पोकळ निघतायत ते उगाच का?"

हे मात्र तिच्या वर्मी लागलं. वडील रशियाला गेले तेव्हा सरकारकडून भाडेपट्ट्यानं घेतलेली टेकडी तिच्या हाती देऊन गेले होते. तिनं ती जिवापाड सांभाळली होती. दुसऱ्यांच्या मेंढ्या हाकलल्या होत्या, दगडी बांध घातले होते, आणि तरी दोन हंगाम टोपल्या भरभरून नुसती टरफलं हाती आली होती. आईनं इस्पंदच्या बियांचा धूर घेऊन एकेका झाडाची दृष्ट काढली. शेवटी वडील फोनवर म्हणाले, या साली पण पोकळ निघाले तर टेकडी परत करून टाकू. तुम्ही दोघी दुशान्बे शहरात काकाकडे राहायला जा. तेव्हापासून सबोहतला काकाच्या घरातलं ते चौथ्या मजल्यावरचं स्वयंपाकघर स्वप्नात दिसायचं, आणि ती घाबरून जागी व्हायची.

"नर झाडं इथं पण होती," तो म्हणाला. "मला आठवतंय. त्या घळीच्या कडेला."

"ती? ती वांझ होती! एक पिस्ता धरत नव्हती, नुसती जागा अडवून बसायची. मीच तोडली."

"नराला पिस्ता कसा धरेल, सबोहत?"

ती त्याच्याकडे बघतच राहिली. मग घळीकडे बघितलं. त्या झाडांचं सरपण तिनं अख्खा हिवाळा तंदुरात घातलं होतं, आणि शेजारणींना सांगितलं होतं की बघा, कशी टेकडी साफसूफ केली.

"पण... टरफल तर धरत होतं की."

"धरणारच. मादी आपलं घर बांधून वाट बघते. आत कोणी आलंच नाही तर घर रिकामं."

"मधमाशा आणतील की पराग. वर त्या मधवाल्या कादिर अकांच्या पेट्या आहेत."

"मधमाशी कशाला येईल? या फुलाला पाकळी नाही, वास नाही, मध नाही. यांचं सगळं वाऱ्यावर. आणि वाऱ्यासाठी नटायचं कशाला?"

हे म्हणताना त्यानं तिच्याकडे बघितलं. वडिलांचा जुना कोट, चिखलानं माखलेले रबरी बूट, घाईत गुंडाळलेला रुमाल... सबोहतनं रुमाल सारखा केला, आणि केला म्हणून स्वतःवरच चिडली.

चिडल्यावर तिचं डोकं चांगलं चालत असे. त्यानं बांधलेली डहाळी तिनं खाली ओढून तळहातावर आपटली. चिमूटभरसुद्धा पिवळी पूड पडली नाही. मग तिनं वरचा एक कळा त्याच्या नाकासमोर धरला.

"हे बघ. अजून गच्च मिटलेलं आहे. माझी टेकडी उत्तरेला तोंड करून आहे, इथं सगळं उशिरा. तुझी उन्हात. तुझे नवरदेव उधळून मोकळे झाले, आणि इकडे नवरीनं अजून केससुद्धा धुतले नाहीत!"

इस्कंदरनं डहाळी बघितली, कळा बघितला. "अरेच्चा," तो म्हणाला. पहाटेपासून त्यानं निम्मी टेकडी बांधून काढली होती.

सबोहत हसली. दोन वर्षांत या टेकडीवर ती अशी खळखळून हसली नव्हती.

"वरच्या खिंडीत चल," हसू आवरून ती म्हणाली. "तिथं बर्फ आत्ता कुठं वितळलंय. माझ्या झाडांचे कळे उमलतील तेव्हाच तिथले नर फुलतील. पण तू एकटा गेलास तर पुन्हा चुकीचं काहीतरी आणशील."

"मग तू पण चल."

"आई सोडणार नाही."

आईनं सोडलं नाहीच. ती स्वतःच आली. कळे उमलू लागले त्या दिवशी हमीदा गाढवावर बसली, मांडीवर चहाची किटली घेतली आणि दोघांच्या मधोमध गाढव घालून खिंडीपर्यंत इस्कंदरची उलटतपासणी घेत गेली. रशियात स्वयंपाक कोण करायचं? तूच? भात करपत नाही ना? भाऊ किती? परत का आलास?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर त्यानं सख्ख्या मावशीला सांगावं तसं दिलं. "होला, तिथं मी दुसऱ्यांच्या इमारती बांधत होतो. एक झाली की पुढची. कुठंच माझं मूळ धरलं नाही."

हमीदानं गाढवाला टाच मारली. सबोहत दगडांकडे बघत चालत राहिली, पण ते वाक्य तिनं मनात ठेवून घेतलं.

खिंडीतल्या नरांना भरगच्च तुरे आले होते. जरा धक्का लागला की पिवळा धूर उडायचा. दोघांनी भराभर डहाळ्या कापून पोत्यात भरल्या आणि परत फिरले, तोच ढग आला. आधी टपोरे थेंब, मग गार वाऱ्यासकट सरसरून पाऊस. पराग भिजला की संपलंच सगळं. इस्कंदरनं अंगातला जाड चोगा काढला, पोती त्यात गुंडाळली आणि खडकाच्या कपारीत ती पोटाशी धरून बसला. हमीदा गाढवासकट आत घुसली. जागा उरली नाही. सबोहत बाहेरच्या कडेला अर्धी पावसात उभी राहिली.

"वा रे वा!" हमीदा कडाडली. "माझी पोर भिजतेय, आणि तू फांद्यांना पांघरूण घालतोस?"

"तिला विचारा होला, चोगा कोणाला देऊ."

रुमालातून पाणी नाकावर निथळत होतं. सबोहतनं ते पुसलंही नाही. "फांद्यांना," ती म्हणाली.

आणि त्या क्षणी तिला हा माणूस आवडला. आतापर्यंत आवडत नव्हता असं नाही... पण आता स्वतःपाशी नाकबूल करायची सोय उरली नाही.

दुसऱ्या दिवशी आभाळ स्वच्छ झालं आणि वारा सुटला. दोघं वाऱ्याच्या बाजूला उभी राहून झाडाझाडाशी डहाळ्या झटकत राहिली. पिवळी पूड लाटेसारखी निघायची आणि फांद्यांत शिरून दिसेनाशी व्हायची.

"भुवया पिवळ्या झाल्यात तुझ्या," इस्कंदर म्हणाला.

"तुझी मिशी पण."

"मला मिशी नाही."

"आता आहे."

त्यानं हात पुढं केला... तिच्या भुवईपाशी आला, आणि मध्येच विचार बदलून त्यानं फांदीवरचा किडा उडवला. किडा नव्हताच तिथं. सबोहतनं ते बघितलं आणि दिवसभर उगीचच गुणगुणत राहिली.

मग त्याच्या सबबी सुरू झाल्या. कधी बांध बघायला, कधी हरवलेली मेंढी शोधायला. त्याच्या मेंढ्या फारच हरवत. घळीच्या कडेला, तिनं तोडलेल्या खोडांच्या शेजारी, त्यानं रुजवलेले पिस्ते पेरले. त्यातून कोण नर निघेल नि कोण मादी, हे झाडांना फुलं आल्याशिवाय कळणार नव्हतं. सबोहत रोज बघायला जायची आणि वैतागायची.

"दोनच पानं. महिना झाला, आणि दोनच पानं!"

"वरून बघू नकोस. ते आधी खाली जातं. पानं बोटभर, तर मूळ हातभर. उन्हाळ्यात वर पाण्याचा थेंब मिळायचा नाही हे त्याला आधीच ठाऊक असतं." तो तिच्या शेजारी उकिडवा बसला. दोन पानांकडे बघत, एका दमात बोलून गेला — "सबोहत, माझी आई तुझ्या आईकडे आली तर चालेल?"

तिनं हो म्हणायला तोंड उघडलंसुद्धा... आणि तिची नजर टेकडीवर गेली. घोसांनी वाकलेल्या फांद्या, आत दाणा की पोकळी हे अजून कोणालाच माहीत नसलेली ती हिरवी फळं.

"तुझी आई आली तर मला न्यायलाच येईल ना?"

"म्हणजे... हो. सून सासरी जाते."

"मग हे कोण बघणार? आई एकटी. लग्न करून गेले तरी टेकडी जाणारच, इस्कंदर. काकाकडे जाऊन काय, आणि तुझ्याकडे येऊन काय." तिनं रोपाशेजारचा खडा उचलून बाजूला ठेवला. "मी नाही येऊ शकत."

तो उठला, टोपी सारखी केली आणि पलीकडे निघून गेला. त्यानंतर मेंढ्या हरवायच्या बंद झाल्या.

ऑगस्ट आला. उन्हानं डोंगर पिवळे पडले, पण पिस्त्याची जाड, चकचकीत पानं तशीच हिरवीगार. हमीदा रोज विचारायची, एक फोडून बघू या का? सबोहत नको म्हणायची. खरं तर तिला भीती वाटत होती.

एका संध्याकाळी ती झाडाखाली बसली होती. वारा नव्हता. आणि वर कुठंतरी आवाज झाला... टक्.

ती श्वास रोखून बसली. टक्. मग पलीकडच्या झाडावर, मग मागं, मग सगळीकडून... टक्, टक्, टक्. भरलेला दाणाच आतून रेटून कवच उकलतो. पोकळ पिस्ता तोंड मिटून गप्प बसतो. गेली दोन वर्षं या टेकडीवर अशा संध्याकाळी काहीही ऐकू आलं नव्हतं. सबोहतनं एक तोडून सोललं. आत हिरवा, लठ्ठ दाणा होता.

आई धावत आली, दोघी गळ्यात पडून रडल्या, वडिलांना फोन लागला, वडीलही रडले. टेकडी राहिली. आणि आई घरात गेल्यावर सबोहत पुन्हा एकटीच रडली, कारण हे ज्याला आधी सांगायचं तो पलीकडे होता आणि रागावला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओयनिसो होला दारात उभ्या. फडक्यात गुंडाळलेले गरम नान छातीशी धरलेले. नान घेऊन कोणी आलं की त्याचा अर्थ एकच. मुलीकडच्यांनी ते मोडले तर होकार, नाही मोडले तर चहा पिऊन पाहुणे परत. सबोहत रीतीप्रमाणे आतल्या खोलीत गेली आणि दाराला कान लावला.

"ओयनिसो," आई अवघडून म्हणाली, "मुलगा सोन्यासारखा आहे. पण पोर टेकडी सोडायची नाही..."

"मी मुलगी मागायला आलेच नाही. मुलगा द्यायला आलेय."

दाराआड सबोहतनं कान आणखी घट्ट टेकवला.

"घरजावई?" आईचा आवाज चिरकला. "लोक काय म्हणतील!"

"म्हणतील, हसतील, आणि थकतील. मी पण आठवडाभर आरडाओरडा केला. शेवटी तो म्हणतो कसा — आई, पिस्त्याची मादी जागची हलते का? जायचं ते नरानंच जायचं. आता याला काय उत्तर देऊ? घरात अजून तीन आहेत माझे. मात्र सांगून ठेवते, हा भात फार खातो."

आत चहाचे पेले वाजले. मग नान मोडल्याचा आवाज आला.

सबोहत रीत विसरून मागच्या दारानं बाहेर पळाली. कुंपणाच्या भिंतीशी इस्कंदर उभा होता, टोपी हातात, चेहरा पांढराफटक.

"मोडला?"

"मोडला." तिला धाप लागली होती. "मला वाटलं तू रागावलास."

"रागावलो होतो ना! चांगला रागावलो होतो. मग बसून विचार केला. घरच्यांना पटवायला वेळ लागला... आणि खरं सांगू, स्वतःला पटवायला पण थोडा लागला."

"सगळे हसतील तुला."

"हसू दे. तू मला टेकडीपायी नाही म्हणालीस, की..." तो अडखळला. "म्हणजे, मी तुला हवा होतो का? हे तू कधी बोललीच नाहीस."

सबोहतनं त्याच्याकडे सरळ बघितलं. गोड गोड बोलणं तिला जमत नसे, आणि आज खोटं तर मुळीच बोलायचं नव्हतं.

"हवा होतास. टेकडीपेक्षा जास्त नाही, इस्कंदर." तिनं त्याच्या हातातली टोपी घेतली आणि त्याच्या डोक्यावर नीट बसवली. "पण टेकडीइतका."

तो हसला, आधी डोळ्यांत, मग सगळ्या चेहऱ्यावर.

"मग पुष्कळ झालं," तो म्हणाला, आणि तिच्या मागोमाग घरात शिरला.