आईंचा उजवा हात

मार्चमध्ये पेपर तपासणी सुरू झाली. दिवसभर कॉम्प्युटरवर गणिताच्या उत्तरपत्रिका तपासायच्या आणि धारवाडला मालमड्डीच्या घरी परतून सासूबाईंचं अंग पुसायचं. पक्षाघातानं त्यांची उजवी बाजू गेली होती. माझा नवरा श्रीनिधी गोकुळ रोडच्या कारखान्यातून यायचा, तो थेट टीव्हीपुढे.

मग माझा खांदा दाराच्या चौकटीला आपटू लागला. चौकट लग्नापासूनची ओळखीची. फोडणीत टाकलेली मोहरी ओट्यावर पडायची. डॉक्टर म्हणाले, "डोकं थकलं की हातापायांचा अंदाज चुकतो. विश्रांती घ्या." पटलं. मी गणित शिकवते. कारणाशिवाय काही घडतं असं मानत नाही.

एका सकाळी चहा गाळताना उजवा हात सुन्न झाला. बोटं कप धरून आहेत का, हे बघूनच कळत होतं. कप फुटला. त्याच क्षणी सासूबाईंचा व्यायाम करून घेणारी फिजिओथेरपिस्ट श्रीलक्ष्मी आतल्या खोलीतून ओरडली, "भाळ चलो, अज्जी! खूप छान! बोट हललं!"

श्रीनिधीनं पेढे वाटले. कपाचे तुकडे मी गोळा केले.

रविवारी दुपारभर गाढ झोपले. उठले तर हात पुन्हा माझा होता. सासूबाईंचा उशीवर लाकडासारखा पडला होता.

"आज काय झालं आईला?" श्रीनिधीनं माझ्याकडे रोखून पाहिलं.

"मला काय विचारतोस?"

सोमवारी तपासणीहून आले तेव्हा पाय कुठे पडतोय ते कळत नव्हतं. सासूबाई भिंत धरून उभ्या होत्या.

"मी रजा घेते," रात्री मी म्हणाले.

"आई चालायला लागली आणि आता रजा?" तो म्हणाला. "काढ की अजून थोडे दिवस."

त्याला काय उमगलं होतं, ते मी विचारलं नाही. उत्तर मला ऐकवलं नसतं.

तपासणी संपली त्या दिवशी घरी कशी पोचले, आठवत नाही. खुर्चीत बसले. उठायचं ठरवलं, पण अंगानं ऐकलं नाही.

स्वयंपाकघरातून सासूबाई ताट घेऊन आल्या. पदर खोचलेला, अगदी मी खोचते तसा. चालही माझीच.

"आता दोघींचं छान जमतंय," श्रीनिधी टीव्हीवरची नजर न काढता म्हणाला.

त्या शेजारी बसल्या. उजव्या हातानं घास कालवला.

"आ कर."

मी दात घट्ट आवळले.

तोंड आपसूक उघडलं.