क्लाइवच्या गाडीतलं परकं इंजिन

“…त्याच बाईच्या गाडीचं इंजिन. क्लाइव पास्कनं आपल्या गाडीत बसवलंय म्हणे. बिशपच्या कालव्यात बुडून मेली ना ती, तिचं. आणि आता ते इंजिन पंपघराजवळ गेलं की—”

“दोन कॉड, एक मटार! कोणाचं?” मासेवाल्यानं गाडीतून आवाज दिला, आणि बोलणारी शीला मागे वळली. मागे लोरेन उभी. शीलानं तोंड मिटलं, पुडकं उचललं आणि चालू पडली.

आता हे कुणाला सहन होईल? गुरुवारी संध्याकाळी हॉल्बी गावच्या चौकात मासे तळणारी गाडी येते, तिथली रांग म्हणजे गावाचं वर्तमानपत्र. आणि नेमकं आपल्या शेजाऱ्याबद्दलचं वाक्य अर्धं तुटावं! लोरेन थर्ल्बीनं एकवीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात काढली होती. कुणाच्या घरी काय शिजतंय हे तिला झाकण न उघडता कळायचं. तिनं स्वतःसाठी एक आणि क्लाइवसाठी एक मासा घेतला, वर भरपूर व्हिनेगर मारायला लावलं, आणि घरी न जाता थेट क्लाइवच्या गॅरेजात शिरली.

क्लाइव गाडीच्या मागच्या बाजूला वाकून बसला होता. लाल रंगाची, दोनच माणसं बसतील अशी, कमरेएवढी बुटकी गाडी. वजन सातशे किलो. सात-आठ धट्टेकट्टे गडी मिळून उचलून ठेवतील. सत्तावीस वर्षांपूर्वी त्याची लेक टॅम्सिन जन्मली त्या वर्षी त्यानं ती घेतली होती. पुढे इंजिन फुटलं, बायको गेली, गाडी ताडपत्रीखाली गेली. आणि आता टॅम्सिनचं लग्न ठरल्यावर हा माणूस पुन्हा उठून बसला होता. पुढच्या शनिवारी लेकीला याच गाडीतून चर्चच्या दारात उतरवायचं, याखेरीज त्याच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

“मासे आणलेस? देव तुझं भलं करो,” तो न वळताच म्हणाला. “आणि आता काय विचारायचंय ते विचार.”

“मी कुठं काय विचारतेय?” लोरेन उलट्या बादलीवर बसली. “इंजिन छान दिसतंय. कुणाचं रे?”

“साध्या घरगुती गाडीचं. चार सिलिंडर, नव्या जमान्यातलं. जुन्याच्या दुप्पट ताकद आणि वजनाला हलकं. फक्त एकटं घेऊन चालत नाही. त्याचा कॉम्प्युटर लागतो, सगळ्या तारा लागतात, मूळ गाडीची किल्लीसुद्धा लागते. किल्लीतली चिप जवळ नसली तर हे चालूच होत नाही. ती बघ, स्टीअरिंगखाली टेपनं चिकटवलीय.”

“पण मूळ गाडी कुणाची?”

क्लाइवनं हात पुसले. “लोरेन, भंगारवाल्याला माणूस दोनच गोष्टी विचारतो. किती मैल चाललंय, आणि तेल गळतं का. कुणाचं होतं हे आमच्यात कुणी विचारत नाही. विचारलं तर कुणी इंजिनच घेणार नाही.”

लोरेननं रांगेतलं ऐकलेलं सांगितलं. त्यानं हसण्यावारी नेलं. पण माशासोबतच्या तळलेल्या बटाट्याचा तुकडा तोंडाशी नेता नेता हात थांबला.

“पंपघराजवळ म्हणाली?”

“हो. का रे?”

“काही नाही. दोनदा बंद पडली ना… त्याच जागी. गॅरेजात दिवसभर चालते, गावात चालते. कालव्याच्या रस्त्यावर पंपघर आलं की दिवा मालवल्यासारखी गप्प. कुठलीतरी तार सैल असणार. चालत्या गाडीत कुणीतरी लॅपटॉप धरून आकडे बघायला हवं. एरवी मदतीला बॅरी यायचा, पण त्याची कंबर धरलीय.”

हॉल्बीहून चर्चकडे जायला दुसरा रस्ताच नाही. एका बाजूला बीटाची शेतं, दुसऱ्या बाजूला कालवा, मध्ये कठडासुद्धा नाही. पुढच्या शनिवारी पांढऱ्या झग्यातली टॅम्सिन त्याच रस्त्यानं, त्याच सीटवर बसून जाणार होती. लोरेननं तिला लहानपणी न्हाऊ घातलं होतं.

“मी येते उद्या,” लोरेन म्हणाली.

“तू? तू त्या सीटमध्ये मावशील?”

“तू मावतोस ना? मग झालं.”

शुक्रवारी दुपारी तीनला ती त्या गाडीत शिरली. शिरली कसली, ओतली गेली म्हणा. पाय पुढे ताणलेले, बूड रस्त्याच्या वीतभर वर, मांडीवर लॅपटॉप. आणि इंजिन पुढे नाही, पाठीमागे. सीटच्या पाठीला अगदी लागून. क्लाइवनं आपल्या लाल गाडीची किल्ली फिरवली आणि लोरेनच्या दोन खांद्यांच्या मधोमध काहीतरी जागं झालं. गाडीचा आवाज तिनं जन्मभर ऐकला होता. मानेवर तो ऐकू यायची ही पहिलीच वेळ.

“हे लाल लाल काय लिहून येतंय?”

“तक्रारी,” क्लाइव म्हणाला. “एअरबॅग सापडत नाही, वायपर सापडत नाही… त्या कॉम्प्युटरला अजून वाटतंय तो आपल्या जुन्या गाडीतच आहे. शोधतोय बिचारा. तू फक्त वरचा आकडा बघ, इंजिनाचे मिनिटाला फेरे किती ते.”

गाव संपलं तशी गाडी सुटली. क्लाइवच्या चेहऱ्यावर कित्येक वर्षांत न दिसलेलं काहीतरी आलं, आणि लोरेनला क्षणभर वाटलं, शीलाच्या तोंडाला काय, कुलूप थोडंच आहे. मग शेतातून धुकं उठायला लागलं. नोव्हेंबरात आमच्याकडे ते वरून येत नाही, जमिनीतूनच निघतं. आधी बीटाचे ढीग बुडाले, मग कुंपणाचे खांब, मग कालव्याचा पलीकडचा काठ. ओल्या चिखलाचा आणि कुजलेल्या बीटाचा गोडसर वास गाडीत भरला.

“क्लाइव, फिरूया मागे.”

“एवढं पंपघर होऊ दे.”

पंपघराची विटांची भिंत धुक्यातून पुढे आली. वरचा आकडा स्थिर होता. एकोणीसशे. एकोणीसशे. मग शून्य.

आचका नाही, खोकला नाही. बोलता बोलता कुणी दाराकडे बघून गप्प व्हावं, तसं इंजिन गप्प झालं. गाडी थोडी घरंगळली आणि थांबली. पाणी दिसत नव्हतं. डाव्या हाताला कुठेतरी बारीक लपलपत होतं, एवढंच.

“तारच आहे बघ,” लोरेन मुद्दाम मोठ्यानं म्हणाली. “हो ना?”

क्लाइवनं पट्टा सोडला, दार उघडलं, आणि गाडीच्या पुढून डावीकडे चालायला लागला. घाई नाही, काही नाही. घरात एका खोलीतून दुसरीत जावं तसा.

“क्लाइव? कुठं चाललास?”

“आलोच… बोलावतेय ना ती…”

“कोण बोलावतंय?”

तो गवतात उतरला. कमरेपर्यंत धुक्यात गेला.

लोरेननं लॅपटॉप बाजूला टाकला आणि उठायला गेली. पण त्या सीटमधून उठणं म्हणजे विहिरीतून वर येण्यासारखं. एकदा पडली, दुसऱ्यांदा दाराच्या कडेला गुडघा फुटला, शेवटी चार पायांवर रांगत ती रस्त्यावर आली. ओल्या गवतावरून घसरतच खाली गेली. क्लाइव मांडीएवढ्या पाण्यात होता आणि अजून चालत होता. तिनं त्याचा कमरेचा पट्टा मागून दोन्ही हातांनी धरला. पन्नास माणसांच्या सुपाची पातेली उचललेले हात होते ते, म्हणून टिकले.

“मागे फीर! अरे मूर्खा, मागे फीर! टॅम्सिनला काय सांगू मी?”

लेकीचं नाव ऐकताच तो थांबला. त्यानं खाली बघितलं, पाण्याकडे, स्वतःच्या पायांकडे.

“तीच… तीच हाक मारत होती, लोरेन. बाबा म्हणून.”

“टॅम्सिन घरी झगा घालून बघतेय. चल वर.”

तेवढ्यात वर रस्त्यावर आवाज झाला. मोठा नव्हता. ठप्प. कुणी जपून गाडीचं दार लावावं तसा.

दोघं काठावर आली तेव्हा गाडीची दोन्ही दारं सताड उघडीच होती. वारा नव्हता. रस्त्यावर कुणी नव्हतं. क्लाइवनं किल्ली फिरवली आणि इंजिन पहिल्या झटक्यात लागलं, काही घडलंच नाही असं. त्यानं गाडी गावाकडे वळवली. फक्त गाडी येताना जशी उसळत आली होती तशी परतताना उसळेना, एवढं लोरेनला जाणवलं. भिजलेल्या माणसाचं वजन असेल, तिनं स्वतःला समजावलं.

शनिवारी सकाळी ती त्याच्या स्वयंपाकघरात येऊन बसली. गुडघ्याला पट्टी, पुढ्यात चहा. “भंगारवाल्याला फोन लाव. माझ्यासमोर. आणि आवाज मोठा ठेव.”

भंगारवाला आधी चिडला. “बुडालेली? अहो, पाण्यात गेलेलं इंजिन मी गिऱ्हाइकाला विकेन? ती गाडी पाण्यात गेलीच नाही. पंपघराजवळ काठावर उभी होती. दिवे चालू, इंजिन चालू.”

“आणि ती बाई?” लोरेन मध्येच म्हणाली. “मेली ती?”

“छे हो! कमरेएवढ्या पाण्यात उभी होती. बीटाच्या ट्रकवाल्यानं ओढून काढली. ठणठणीत आहे, बहिणीकडे राहते.”

लोरेननं सुटकेचा श्वास सोडला. शीलाला आता रांगेतच गाठायचं, असं तिनं मनात ठरवूनही टाकलं.

“मग चांगली गाडी भंगारात कशाला दिली?” क्लाइवनं विचारलं.

भंगारवाल्यानं आवाज उतरवला. “तेच तर. एक ओरखडा नव्हता गाडीवर. मी म्हटलं, विका, चांगले पैसे येतील. तर म्हणाली, हिच्यात कुणी बसता कामा नये, तोडून टाका. एकटीच निघाली होती म्हणे घरून. आणि मागून कुणीतरी सांगितलं, इथं थांब… ट्रकवाला पोचला तेव्हा तिच्या बाजूचं दार उघडं होतं, ते ठीक. पण मागचं डावंही उघडं होतं. बरं, इंजिन चाललंय ना नीट?”

क्लाइवनं फोन ठेवला.

“टॅम्सिनला तुझ्या गाडीतून नेशील?” तो म्हणाला.

“हे काय विचारणं झालं? नेईन. आणि ते इंजिन आजच्या आज काढ.”

“काढतो. आधी बघू दे काल नक्की काय बंद पडलं.” त्यानं लॅपटॉप उघडला. कालच्या फेरीची नोंद ओळीमागून ओळ वर सरकायला लागली, आणि एका जागी त्याचं बोट थांबलं.

“हे कसं शक्य आहे? दारांच्या सगळ्या तारा कापल्यात मी. माझ्या हातानं. टोकं टेपनं बांधलीत. शिवाय या गाडीला दारं दोनच.”

लोरेननं चष्मा लावला आणि वाचलं.

तीन वाजून एक्केचाळीस मिनिटं. मागचं डावं दार: उघडलं.

तीन वाजून त्रेचाळीस. मागचं डावं दार: बंद.

“पुढे बघ,” ती हळूच म्हणाली. “घरी आल्यावरचं. पुन्हा कधी उघडलंय ते बघ…”

क्लाइवनं नोंद शेवटपर्यंत नेली. मग पुन्हा वरून खाली, एकेका ओळीवर बोट ठेवत.

पुन्हा ते दार उघडलंच नव्हतं.