एकेचाळिसावी ओळ

आई ओळीच्या शेवटी सेमीकोलन द्यायला विसरायची बंद झाली, तो दिवस रविवार होता.

शिवणखोलीत मशीनवर झाकण घालून, त्या झाकणावरच लॅपटॉप ठेवून ती बसली होती. नाकावर चष्मा, गळ्यात टेप. आयुष्यभर लोकांचे कपडे शिवले, मग डोळ्यांना बारीक टाके दिसेनासे झाले. तेव्हा एक दिवस ती लेकीला म्हणाली होती, "परक्यांना शिकवतेस ते मलाही शिकव. हात रिकामे राहिले की मला काही सुचत नाही."

लेक एका संस्थेत प्रौढांच्या वर्गाला संगणकाची सी भाषा शिकवायची. नोकरी बदलू पाहणारी माणसं यायची तिच्याकडे. त्यांना ती पहिल्याच दिवशी बजावून सांगे: कंपायलर, म्हणजे तुमचा प्रोग्राम तपासून यंत्राला समजावणारा, एकदम वीस चुका दाखवेल, घाबरायचं नाही. पहिली चूक आधी काढा, बाकीच्या बऱ्याचदा आपोआप गळतात. आणि तो जी ओळ दाखवतो तिच्या वरची ओळ बघा. चूक घडते तिथे त्याला कळत नाही, पुढच्या ओळीवर गेल्यावर तो अडखळतो. तिसरा नियम तिचा स्वतःचा होता. प्रोग्राम बरोबर आहे की नाही ते ती कधीच सांगत नसे. ते यंत्र सांगेल.

हे नियम आईलाही लागू होते.

"मी साडेबावीस टाकते, हा बावीस म्हणतो," आई त्या रविवारी कुरकुरली. कपड्याची मापं विचारून कापड किती लागेल ते सांगणारा प्रोग्राम ती लिहीत होती. मापं तिने अर्थातच लेकीची घातली होती. "माझा अर्धा इंच कुठे गिळतो गं हा मेला?"

लेकीला बघताक्षणी कळलं होतं. माप साठवायचं व्हेरिएबल पूर्णांकाचं जाहीर केलेलं, त्यात अर्धा मावणार कसा?

"वरच्या ओळी बघ," ती चहाचा कप विसळत म्हणाली.

"घरातसुद्धा मास्तरीणच! आणि हे टिंबाचं बटण रोज जागा बदलतं का?" आईचं एक बोट कीबोर्डवर घिरट्या घालत राहिलं. दर वेळी तिला ते नव्याने शोधावं लागे.

"आणि कंस आधी बंद कर, आई. उघडलास की लगेच मिटायचा, मग मधे लिहायचं."

"शिवण संपायच्या आधी कुणी गाठ मारतं का? शेवटी करीन." मग तिने स्क्रीन लेकीकडे वळवला आणि नेहमीचा प्रश्न विचारला. "बरोबर आहे का?"

हा प्रश्न लेकीने लहानपणापासून ऐकला होता. अंगावर कच्चा शिवलेला फ्रॉक, आईच्या ओठांत टाचण्या, आणि त्या टाचण्यांमधूनच, बरोबर आहे का? गिऱ्हाइकं आरशात वळून बघत, हो म्हणत. लेक तेवढ्यात खेळायला पळालेली असे. तिचा डावा हात उजव्यापेक्षा अर्धा इंच लांब होता. हे जगात फक्त आईला माहीत होतं. उजवी बाही झाली की ती डावी वेगळी मापायची आणि टेपचं टोक मनगटाच्या हाडावर अंगठ्याने दाबून धरायची. कात्री धरून धरून तो अंगठा कायम गार असे.

"ते यंत्र सांगेल," लेक म्हणाली आणि बाजारात गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई उठली नाही. झोपेतच गेली, डॉक्टर म्हणाले.

लॅपटॉप मशीनवर तसाच मिटलेला होता. त्यावर टेप गुंडाळून ठेवलेला. लेकीने दोन्हींवर एक चादर टाकली आणि खोलीचं दार लावून घेतलं. ती फाइल उघडायची नाही, असं तिने ठरवलं असं म्हणता येणार नाही. फक्त उघडली नाही. अर्धवट आहे तोवर ते काम आईचं होतं. पुरं झालं की संपलं.

सुट्टी संपवून ती वर्गावर गेली खरी, पण बूड टेकवून बसणं तिला जमेना. खुर्चीत बसली की उठे. खिडकी उघडे, लावे, पुन्हा उघडे. फळ्यावरचा पुसलेला भाग पुन्हा पुसे. घरी एकच कप दोनदोनदा धुतला जाई.

अशाच एका सकाळी नर्सने हाक मारली. ही वर्गातली सगळ्यात चोख बाई, रात्रपाळी करून सरळ वर्गाला यायची. "मॅडम, हा म्हणतो एकेचाळिसाव्या ओळीवर चूक आहे."

"वरची बघा."

"अहो, वरची काय बघू? माझ्या एकूण ओळीच एकोणीस."

लेकीने वाकून पाहिलं. एकोणीसच होत्या. नीटनेटक्या, कंससुद्धा मिटलेला. संदेश मात्र स्पष्ट होता: ओळ एकेचाळीस, मजकूर संपला, कंस उघडाच.

शेजारच्या खुर्चीत ट्रकचा ड्रायव्हर बसायचा, पाठदुखीने गाडी सुटलेला. तो हसला. "माझाही तिकडेच चाललाय, मॅडम. रस्ता इथे संपला तरी हा पुढच्या गावाचा पत्ता सांगतोय."

सगळ्यांचं तेच होतं. कुणाच्या बारा ओळी, कुणाच्या तीस. चूक एकेचाळिसावर.

तंत्रज्ञ आला, मान डोलावत बसला, म्हणाला, जोडलेल्या एखाद्या फाइलमध्ये गडबड असणार. त्याने कंपायलर काढून पुन्हा बसवला. दुपारपर्यंत सगळं सुरळीत झालं. लेकीला हायसं वाटलं. कारण सापडलं नव्हतं, पण कारण असतंच, यावर तिचा विश्वास होता.

दुसऱ्या दिवशी एकेचाळीस परत आली, आणि तिच्या वर आणखी एक चूक. न जाहीर केलेलं व्हेरिएबल.

"हे नाव मी लिहिलेलंच नाही," नर्स वैतागून म्हणाली. "बाही, मग खाली रेघ, मग डावी. मॅडम, मी इथे शिवणकाम शिकायला नाही हो आले."

"माझ्यातही बाहीच," ड्रायव्हर म्हणाला. या वेळी तो हसला नाही.

 लेकीने नर्सच्या प्रोग्राममध्ये ते नाव शोधायला लावलं. सापडलं नाही. सगळ्या यंत्रांवर शोधलं. कुठेच नव्हतं. आईचा लॅपटॉप या इमारतीत कधी आलाच नव्हता, कुठल्या तारेने इथे जोडलेलाही नव्हता. आणि आईने रविवारपर्यंत जो प्रोग्राम लिहिला होता त्यात बाही एकच होती. लेकीने स्वतः पाहिलं होतं.

"तुमचा चेहरा उतरलाय," नर्स हळूच म्हणाली. "बसा जरा. पाणी देऊ?"

"नको. बघते मी." तिने स्वतःच्या यंत्रावर नवी फाइल घेतली. पडद्यावर मोठ्या अक्षरांत वर्गाला दिसेल असा सगळ्यात साधा प्रोग्राम लिहिला, नमस्कार छापणारा. चुकायला जागाच नाही असा. चालवला.

नमस्कार छापला गेला नाही. कर्सर लुकलुकत राहिला. प्रोग्राममध्ये कुणाला काही विचारणारी ओळच नव्हती, तरी तो कशाची तरी वाट बघत होता.

"त्याला काहीतरी हवंय," ड्रायव्हर म्हणाला.

लेकीने वर्ग सोडला.

ती भराभर चालत घरी आली. एका सिग्नलला उभं राहवेना म्हणून लांबच्या रस्त्याने आली. दुपारचं ऊन शिवणखोलीच्या खिडकीतून थेट मशीनवर पडलं होतं. तिने चादर काढली, टेप बाजूला ठेवला, लॅपटॉप उघडला.

फाइल होती. मजकूर चाळीस ओळींचा. एकेचाळिसावी कोरी.

रविवारी पाहिलं होतं त्याहून तो लांब होता. उजवी बाही विचारून झाल्यावर डावी वेगळी विचारली होती, आणि ते नाव वर कुठेच जाहीर केलेलं नव्हतं. नवशिक्यांची नेहमीची चूक. शेवटचा कंस उघडाच. चाळिसाव्या ओळीवर, जिथे आपण नेहमी बघायला सांगतो तिथे, आईने प्रोग्रामकडून एक प्रश्न छापून घ्यायचं ठरवलं होतं.

बरोबर आहे का?

रात्री उठून लिहिलं असेल, लेक स्वतःशी म्हणाली. झोप आली नसेल. म्हातारी माणसं उठतात.

ती उभीच राहिली. बसायला आईचीच खुर्ची होती. खिडकीपर्यंत गेली, परत आली, दाराशी गेली, परत आली. लॅपटॉप मिटून टाकावा आणि पुन्हा चादर घालावी, एवढंच तर करायचं होतं. मग वर्गात सगळ्यांच्या चुका एकेचाळिसावर जातील, रोज, आणि आईचं काम अर्धवट राहील. तसं राहिलेलं तिला चाललं असतं.

आईला चाललं नसतं. तिने कधीच कुणाचा कपडा अर्धा ठेवला नव्हता.

लेक खुर्चीत बसली.

पहिली चूक आधी. वर जाऊन तिने डावी बाही जाहीर केली, अपूर्णांक मावेल अशी. आधीच्या मापांचंही तसंच केलं. गिळलेला अर्धा इंच परत मिळेल एवढं.

कंसाला तिने हात लावला नाही. तो आईचा होता. आता कंपायलर निदान त्या एका कंसापाशी अडेल, अशी तिची खात्री होती.

तिने प्रोग्राम चालवला. कंपायलर अडला नाही.

तिने फाइल पुन्हा पाहिली. कंस उघडाच होता. एकेचाळिसावी ओळ कोरी.

प्रोग्राम सुरू झाला होता.

उजवी बाही?

तिने बावीस टाकले.

डावी बाही?

तिने हात मांडीवर घेतले होते. ते तिथेच होते, दोन्ही, तिला दिसत होते.

पडद्यावर दोन उमटला.

बऱ्याच वेळाने, आणखी एक दोन.

मग काहीच नाही. कुणीतरी शोधत असावं तसं. टिंब कुठे आहे ते.

टिंब आलं.

पाच.

खोलीत कसलाही आवाज नव्हता. तिच्या डाव्या मनगटाच्या हाडावर अंगठ्याएवढी जागा गार पडली, आणि कुणी दाबून धरावी तशी गारच राहिली.

बरोबर आहे का?

कर्सर लुकलुकत होता. तिने हात हलवला नाही, माप सरकेल म्हणून.

"हो," ती मोठ्याने म्हणाली. "बरोबर आहे, आई."