गिरणेच्या पुलावर थांबलेली गाडी

विश्वास ठेवा, नाहीतर ठेवू नका. मी स्वतः त्या डब्यात होते.

सत्त्याऐंशी सालचा जानेवारी. संक्रांत नुकतीच झाली होती. मी धुळ्याहून चाळीसगावला शाळेत शिकवायला जायचे. रोजचं अप-डाऊन. सोबतीला आमच्याच शाळेतल्या बेबाताई.

कोळशाचं इंजिन आणि एकेरी लाइन. मेन लाइनची गाडी लेट झाली की आमची पॅसेंजर तिची वाट बघत उभी. कधी कधी रद्दच. आम्हाला सवय झाली होती. बायका डब्यातच मेथी निवडायच्या. पुरुष पत्ते काढायचे.

त्या दिवशीही चाळीसगावहून परतीची गाडी उशिरा सुटली. अंधार पडला होता. डब्यातले दिवे मिणमिणत होते.

गिरणेच्या पुलावर गाडी थांबली.

आधी कोणी लक्ष दिलं नाही. सिग्नल नसेल.

मग जाणवलं... इंजिनाचा आवाजच येत नव्हता. रातकिडे नाहीत. खालच्या पाण्याचाही आवाज नाही.

समोर तोतारामनाना बसले होते. जुने पासवाले, केस पांढरे झालेले. त्यांनी पत्ते खाली ठेवले आणि हळूच आपली खिडकी लावून घेतली.

तेवढ्यात पुढच्या डब्याकडून एका बाईचा आवाज आला.

"माय... या गाडीमा मना धनी उना का?"

आवाज जवळ आला. पुढची खिडकी. पुन्हा तेच.

"मना धनी उना का?"

आपला नवरा या गाडीने आला का, एवढंच ती विचारत होती. नानांनी ओठांवर बोट ठेवलं.

मग आवाज आमच्या खिडकीशी थांबला. अगदी बेबाताईंच्या कानाजवळ...

बेबाताईंचा जीव कळवळला. त्या बाहेर बघून म्हणाल्या, "नाही गं बाई. मागच्या गाडीने येतील. थंडीची उभी राहू नकोस, घरी जा."



मग अगदी हळू... "बरं माय. मांगनी गाडी ना?"

गाडीला हिसका बसला. इंजिनाचा आवाज एकदम कानांवर आला. आम्ही पुढे निघालो.

नाना ओरडले, "अहो बाई, बोललात कशाला? बॅटरी मारून बघा बाहेर!"

मी त्यांची बॅटरी घेऊन खिडकीबाहेर धरली.

गाडी अजून पुलावरच होती. खिडकीला लागून ना कठडा, ना पाय ठेवायला फळी. खाली नुसतं काळं पाणी.

मग ती उभी कशावर होती?

"मागच्या गाडीत तुमचं कोणी आहे का?" नानांनी विचारलं.

बेबाताईंच्या हातातली मेथी खाली पडली. त्यांचे मालक, अभिमनभाऊ, चाळीसगावच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. रोज शेवटच्या गाडीने यायचे.

धुळ्याला आम्ही दोघी फलाटावरच थांबलो. थंडीने दात वाजत होते. बेबाताईंनी माझा हात घट्ट धरला होता, सोडतच नव्हत्या.

शेवटची गाडी खूप उशिरा आली. सगळे उतरले.

अभिमनभाऊ नाहीत.

त्यांची पिशवी जागेवर होती. चपला बाकाखाली होत्या. शेजारचा माणूस म्हणाला, "पुलावर गाडी थांबली. बाहेरून कोणी बाईने हाक मारली. हे 'आलो' म्हणाले आणि उठून दाराकडे गेले. आम्हाला वाटलं, ओळखीचं असेल कोणी."

उजाडता उजाडता ते सापडले. पुलाखाली, वाळूत बसलेले. एवढ्या उंचीवरून पडलेला माणूस, पण अंगावर ओरखडासुद्धा नाही. नुसते नदीकडे बघत होते.

पुढे किती तरी दिवस ते एक शब्द बोलले नाहीत. डॉक्टर झाले, देवदेव झाले.

होळीच्या आसपास मी त्यांना भेटायला गेले. बेबाताई त्यांना भरवत होत्या. मी समोर बसले, तसा त्यांचा घास थांबला.

ते बोलले. त्या रात्रीनंतर पहिल्यांदाच.

"ती एकली नव्हती, बेबा. पुलवर बठ्ठा लोके उभा व्हतात. गाडीनी वाट देखत व्हतात."

पुलावर सगळे लोक उभे, गाडीची वाट बघत! बेबाताई रडायला लागल्या. "कोण लोके? कोण व्हतात?"

त्यांनी सावकाश हात उचलला... आणि माझ्याकडे बोट केलं.

"हाई बी व्हती तठे."

मी पुलावर कशी असेन? मी त्या वेळी धुळ्याच्या फलाटावर होते. माझा हात बेबाताईंच्याच हातात होता. मी त्यांना म्हटलं, "ताई, सांगा ना यांना. मी तुमच्याजवळच होते ना?"

बेबाताई नुसत्या माझ्या हाताकडे बघत राहिल्या. मग पदराने आपला हात पुसू लागल्या.

त्यांनी शाळा सोडली, मला पुन्हा कधी भेटल्या नाहीत. मी घरी गेले, तर मला दारातून आत घेतलं नाही. त्या फलाटावर माझा हात धरताना त्यांना काय जाणवलं होतं, हे मला आजतागायत कळलेलं नाही.